प्रॉडक्ट डिझाइन कसं होतं? आधी चिंधी कुठे गुंडाळली आहे ते बघा

कुपवाडकर · रविवार, रात्री ९:१०

गेल्या आठवड्यात इथे एकांनी विचारलं होतं की मुलीला प्रॉडक्ट डिझाइनला जायचंय, पण तिची चित्रकला बेताची आहे, तर जमेल का. बहुतेकांनी "चित्रकला हवीच" असं उत्तर दिलं. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी कुपवाड एमआयडीसीत शेतीची छोटी हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो.

चित्रकलेचंच म्हणाल तर आपल्या सांगली जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, पुढे बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिले नांगर खपायला फार वेळ लागला, कारण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर यंत्र म्हणून चांगला होता, पण वापरणाऱ्याच्या मनातली भीती काढल्याशिवाय तो वावरात उतरणार नव्हता. ती भीती ओळखणं हेही डिझाइनचंच काम आहे, आणि त्याला पेन्सिल लागत नाही.

वस्तू कोण वापरणार, कुठे, कशासाठी, किती वेळ, मोडली तर कोण दुरुस्त करणार आणि ती किती रुपयांना परवडेल, एवढं सगळं ठरवणं म्हणजे प्रॉडक्ट डिझाइन. आकार आणि रंग त्यातूनच येतात. चित्र बरंच उशिरा येतं आणि ते काढून देणारा माणूस मिळतो. आधीची पाहणी मात्र उसनी मिळत नाही.

पाहणी कुठून सुरू करायची? माझी सवय सांगतो. कुठल्याही कामाच्या जागी गेलो की मी चिंधी शोधतो. कळशीच्या काठाला, कोयत्याच्या मुठीला, मोटरसायकलच्या क्लचला, पंपाच्या पट्ट्याला लोक काहीतरी गुंडाळतात: चिंधी, सुतळी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, चिकटपट्टी. ज्यानं ती वस्तू बनवली त्याच्या नजरेतून काहीतरी सुटलं होतं आणि वापरणाऱ्यानं स्वतःपुरती ती उणीव भरून काढली, असं ती चिंधी सांगत असते. ती बांधणाऱ्या बाईनं किंवा गड्यानं डिझाइनचं निम्मं काम केलेलं असतं. त्यांना कुणी डिझायनर म्हणत नाही इतकंच.

तुमच्या कामात, घरात, शेतात चिंधी कुठे आहे ते लिहा. एखादं उदाहरण घेऊन इथेच पुढं नेऊ.

तासगावची_सून · रविवार, रात्री १०:०२

दादा, आमची चिंधी लगेच सांगते. द्राक्षाच्या विरळणीची कात्री. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरले की घडातले जादाचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर हात वर करून मांडवाखाली तेच काम. आमच्या टोळीतल्या बहुतेक जणी अंगठ्याच्या कड्याला चिंधी गुंडाळतात, नाहीतर अंगठ्याला घट्टे पडतात. रस लागून चिंधी कडक होते, वास मारते, मग बदलायची. कुणी कात्रीला दोरी बांधून मनगटात अडकवतात.

कड्याला रबर लावून कात्री विकायला ठेवली तर झालं की काम. एवढं सोपं आहे का?

कुपवाडकर · रविवार, रात्री १०:२५

ताई, फार चांगलं उदाहरण दिलंत. पण रबर बाजूला ठेवा. उपाय लवकर सुचला की माणूस अडचणीकडे बघायचं थांबवतो. तीन गोष्टी बघून सांगाल का?

घट्टा अंगठ्याच्या नेमक्या कुठल्या बाजूला आहे, आत की पाठीवर? दुखतं ते कात्री मिटताना की उघडताना? आणि चिंधी कुठल्या रंगाची असते? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारतोय. लोक हाताला येईल ती चिंधी घेतात की निवडून, यावरून बरंच कळतं.

बायकांना "काय हवं?" असं विचारू नका. कामाच्या वेळी बाजूला उभं राहून हात बघा.

गणपतीपेठ · सोमवार, सकाळी ८:४०

आमचं हत्यारांचं दुकान आहे. स्प्रिंगवाली विरळणीची कात्री बाजारात आहेच. नवीन काय शोधायचंय त्यात? आणि गिऱ्हाईक किंमत बघतं. दहा रुपये जास्त म्हटलं की साधी द्या म्हणतात.

तासगावची_सून · सोमवार, रात्री ९:३५

आज बागेत बघितलं. मी स्वतः इतकी वर्षं हे काम करते, पण असं थांबून कधी बघितलं नव्हतं.

घट्टा अंगठ्याच्या पाठीवर आहे, नखाच्या खालच्या पेराला. म्हणजे दुखतं ते उघडताना. मण्याचं देठ कोवळं असतं, ते कापायला जोर लागतच नाही. पण प्रत्येक वेळी कात्री उघडायला अंगठ्याची पाठ कड्यावर रेटावी लागते. रस सुकून रिबिट (दोन पाती जोडणारा खिळा) धरलं की आणखी जोर.

गणपतीपेठ दादा, स्प्रिंगची कात्री आमच्यातल्या दोघीतिघींनी घेतली होती. स्प्रिंग एवढी ताठ की मिटून मिटून संध्याकाळी तळहात भरून येतो. आणि टोकं जाड, शेजारच्या मण्याला लागतात. मण्याला जखम झाली की तिथून सड धरते आणि मालक ओरडतो. म्हणून परत साध्या कात्रीवर आल्या.

चिंधी लाल किंवा केशरी असते. हिरवी कुणीच बांधत नाही. एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, गवतात पडली तर दिसाया नको व्हय?" कात्र्या आमच्या आमच्याच असतात, हरवली तर भुर्दंड आपल्यालाच.

कुपवाडकर · सोमवार, रात्री १०:१०

ताईंची ही पोस्ट सगळ्यांनी सावकाश वाचा. काल आपल्या हातात "कड्याला रबर लावा" एवढंच होतं. आज अडचण अशी मांडता येते: उघडायचा जोर अंगठ्याच्या पाठीवर पडू नये, मिटायचा जोर हलका राहावा, टोक बारीक असावं, रसानं रिबिट धरू नये आणि गवतात पडली तर लांबून दिसावी. माझ्यासारखा कुणी कारखान्यात बसून ही कात्री सुधारायला गेला असता तर त्यानं चिंधी काढून छान काळं रबर बसवलं असतं आणि कात्र्या हरवायला लागल्या असत्या. चिंधी दोन कामं करत होती. दुसरं काम मावशींनाच माहीत होतं.

गणपतीपेठ, तुमचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. खूपदा विकत घेणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. फवारणीचा पंप मालक घेतो आणि गड्याच्या खांद्याला पट्टा काचतो, तेव्हा खांद्याचं दुखणं किमतीत मोजलंच जात नाही. इथे कात्री जिची तीच वापरते, त्यामुळे पटली तर ती चार रुपये जास्त देईल. तरी किंमत हा डिझाइनचाच भाग आहे हे मान्य.

विश्रामबाग_४१६ · मंगळवार, सकाळी ७:५५

चर्चा चांगली आहे, पण "कुणालाही जमतं" असा जो सूर निघतोय तो मला धोक्याचा वाटतो. माझा भाचा अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आहे. ती संस्था १९६१ पासून हे शिकवतेय, आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन केंद्र १९६९ पासून. चार-चार वर्षं मुलं राबतात. कुणालाही जमत असतं तर एवढ्या संस्था कशाला? मापं, साहित्य, उत्पादन यांचं ज्ञान नसताना केलेली हत्यारं लोकांच्या हातापायावर येतात.

कुपवाडकर · मंगळवार, दुपारी १:३०

काका, संस्थांबद्दल मला आदर आहे, आणि मापांचा मुद्दा तर शंभर टक्के बरोबर. आपल्याकडची बरीच हत्यारं पुरुषाच्या पंजाच्या मापानं होतात आणि वापरतात बायका. भारतीय शरीरांची मापं गोळा करून एनआयडीनं १९९७ मध्ये पुस्तक काढलं, त्याआधी अनेक जण परदेशी तक्त्यांवरच काम भागवत होते. ताईंच्या कात्रीचं कडं किती मिलिमीटर ठेवायचं हे मी तशाच तक्त्यातून बघणार आणि मग त्यांच्या टोळीतल्या हातांवर पडताळणार.

पण शिक्षण नसलेला माणूस डिझाइन करू शकत नाही, हे खरं नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय घ्या. १९६८ च्या सुमारास डॉ. पी. के. सेठी आणि रामचंद्र शर्मा या दोघांनी तो घडवला. शर्मा हे कारागीर, शाळा बेताचीच झालेली. त्या वेळचा परदेशी पाय बुटात घालायचा होता. आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. त्या सगळ्यात वाकेल असा पाय रबरातून काढण्यात कारागिराच्या हाताचा मोठा वाटा होता. सेठींकडे शरीररचनेचं ज्ञान होतं, शर्मांकडे साहित्याचं. दोघांपैकी एक जरी नसता तर तो पाय झाला नसता.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता आणि साधं सोलाणं धरवत नव्हतं. त्यातून जाड, मऊ मुठीची ऑक्सो कंपनीची सोलाणी १९९० मध्ये बाजारात आली. फार्बर यांचा जन्म स्वयंपाकाच्या भांड्यांच्या धंद्यात गेला होता आणि आकार व्यावसायिक डिझायनरांनी दिला. पण सुरुवात दुखणाऱ्या बोटांपासून झाली. आणि ज्यांची बोटं दुखत नव्हती त्यांनीही ती मूठ उचलली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सुरुवात कुणीही करू शकतो, आणि अडचण सोसणाऱ्यानं केली तर ती जास्त खरी होते. पुढे कुठल्या टप्प्यावर कुणाला हाताशी घ्यायचं हे कळलं म्हणजे झालं.

मिरजेचा_तंबोरा · मंगळवार, रात्री ९:२०

आमच्याकडचं लिहितो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. पण तंबोरा घडतो कसा, ते या धाग्याला धरून आहे. पुरुषांच्या स्वराचा तंबोरा मोठा, बायकांच्या स्वराचा लहान, कारण तारेची लांबी आणि भोपळ्याचं पोट दोन्ही त्या स्वराला शोभलं पाहिजे. भोपळा शेतात वाढतो, प्रत्येकाचा आकार निराळा. म्हणजे कच्चा मालच मापात येत नाही आणि कारागीर त्याच्याशी जमवून घेत बाकीचा सांगाडा बेततो.

जवारीचं, म्हणजे तारेच्या आवाजाला घुमारा आणायचं काम तर सगळं कानावर. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा पृष्ठभाग थोडा घासायचा, तार लावायची, खाली दोरा सरकवून ऐकायचं, परत काढायची, परत घासायचं. गवई समोर बसलेला असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे बघत. कारागीर हे कुठल्या कॉलेजात शिकलेले नाहीत, घराघरातून आलंय. आता प्रवासाला सोपे म्हणून भोपळ्याशिवायचे, पेटीसारखे चपटे तंबोरेही निघालेत. विमानात भोपळा फुटायची धास्ती गवयांनीच कारागिरांना सांगितली असणार, त्याशिवाय ते सुचायचं नाही.

कुपवाडकर · मंगळवार, रात्री ९:५०

वा! घासा, ऐका, परत घासा. इंग्रजी पुस्तकांत ज्याला प्रोटोटाइप आणि चाचणी म्हणतात ते हेच. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलनं २००५ च्या सुमारास या सगळ्या प्रवासाची आकृती काढली, एकाला एक जोडलेले दोन हिरे. पहिल्या हिऱ्यात आधी खूप बघायचं आणि मग अडचण नेमकी करायची. दुसऱ्यात आधी खूप उपाय काढायचे आणि मग एक निवडायचा. ताईंनी दोन दिवसांत पहिला हिरा पुरा केला.

साचेवाला · बुधवार, सकाळी ६:४५

लई दिवसांनी कामाचा धागा वाचला. माझं टूलरूम आहे, साचे करतो. ताईंच्या कात्रीसाठी दोन गोष्टी.

स्प्रिंग ताठ आहे म्हणून सोडून देऊ नका, तार बदला. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून १.२ मिमीच्या जागी १ मिमी तार घेतली तर जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. कोपऱ्यावरचा स्प्रिंगवाला वेगवेगळ्या तारेच्या चारपाच वळून देईल, खर्च किरकोळ. बायकांच्या हातात द्या, नंबर सांगू नका, बोटांना विचारा.

पात्याला ३०४ स्टील घेऊ नका. गंजत नाही म्हणून सगळे तेच मागतात, पण ते कडक करता येत नाही, धार टिकत नाही. ४२० घ्या, त्याला पाणी देऊन (तापवून, विझवून) कडक करता येतं. थोडं जपावं लागेल, संध्याकाळी पुसून तेलाचं बोट फिरवायचं.

आणि कुपवाडकर, प्लॅस्टिकच्या मुठीसाठी एकदम साच्याकडे पळू देऊ नका कुणाला. साचा म्हणजे लाखांची गोष्ट, आणि एकदा पोलाद कोरलं की मन बदलायची सोय नाही. आधी लाकूड कोरा, एम-सील लावा, नाहीतर थ्रीडी प्रिंट काढा. पण साधी पीएलए प्लॅस्टिकची प्रिंट उन्हातल्या गाडीत ठेवू नका, साठेक अंशाला मऊ पडून वाकते. साच्यावर जायची वेळ आली की भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा, नाहीतर जाड जागी खड्डा पडतो. आणि बाजूंना एक-दोन अंशाचा उतार द्या, तेव्हाच माल साच्यातून सुटतो.

पलूसचा_पुण्यात · बुधवार, दुपारी ३:१५

आमच्याकडे ॲप बनवणाऱ्यांनाही प्रॉडक्ट डिझायनर म्हणतात. तिथेही असंच चालतं का?

कुपवाडकर · बुधवार, संध्याकाळी ७:००

तंतोतंत. तिथली चिंधी म्हणजे कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेला कागद, ज्यावर "आधी हे दाबा, मग ते" असं कुणीतरी पेनानं लिहिलेलं असतं. कुठल्याही सोसायटीच्या काउंटरवर जाऊन बघा. एक फरक आहे, तिथे चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, साचेवाल्यांच्या पोलादाचं तसं नाही.

त्याच क्षेत्रातल्या जेकब नील्सन यांचं म्हणणं इथे उपयोगी पडेल: पाच जणांना वापरायला देऊन नुसतं बघत बसलं तरी बहुतेक अडचणी दिसतात. शेकडोंचा सर्व्हे लागत नाही. मात्र ते पाच खरे वापरणारे हवेत, आपल्या घरचे आणि मित्र नकोत. घरचे बरं म्हणतात.

वकील_वहिनी · बुधवार, रात्री ८:३०

एक सावधगिरीची सूचना, कारण मला हा धागा वाचताना काळजी वाटत होती. २००० च्या डिझाइन कायद्याखाली वस्तूच्या दिसण्याची नोंदणी होते, आकार, नक्षी, रंगसंगती. दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं वाढवून मिळतात. वस्तू चालते कशी याला हे संरक्षण नाही, त्यासाठी पेटंट, वीस वर्षांचं. पण दोन्हींसाठी गोष्ट नवी हवी. अर्ज करण्याआधी तुम्हीच फोटो टाकलेत, प्रदर्शनात मांडलीत, इथे मापांसकट लिहिलंत, तर नवेपणा जाऊ शकतो. मावशींच्या लाल चिंधीची नोंदणी कुणी करू नये असंच मला वाटतं, ती सगळ्यांची आहे. पण ज्यांना पुढे धंदा करायचाय त्यांनी मुठीचा अंतिम आकार इथे टाकण्याआधी विचार करावा.

तासगावची_सून · शनिवार, रात्री ९:४५

वहिनी, आभार. आम्हाला नोंदणी नको, हात दुखायचे थांबले तरी पुष्कळ. त्यामुळे बिनधास्त लिहिते.

साचेवाल्या दादांनी सांगितलं तशा वेगवेगळ्या तारेच्या स्प्रिंगा आणून जुन्या कात्र्यांना बसवल्या. यजमानांनी पाती घासून टोकं बारीक केली. नंबर न सांगता बायकांना फिरवून फिरवून दिल्या. सगळ्यात बारीक तारेची आधी सगळ्यांना आवडली, पण दुपारनंतर रस सुकला तशी ती उघडेना. तिच्या वरची तार दिवसभर चालली. मग सुमन मावशी म्हणाल्या (नाव त्यांना विचारून लिहितेय), रिबिटावर थेंबभर गोडेतेल टाका. तेल टाकल्यावर बारीक तारही चालली, पण तेल घडाला लागायची भीती, द्राक्षावरची लव जाते आणि माल काळपट दिसतो. म्हणून मधली तार ठेवली, तेल फक्त संध्याकाळी.

कड्यांची आता गरजच उरली नाही. स्प्रिंग उघडते, अंगठा नुसता टेकतो. कडं कापून काढलं तर कात्री हलकी झाली. पण मग हातातून सुटायला लागली, म्हणून करंगळीकडचं कडं ठेवलं आणि अंगठ्याचं काढलं. लाल चिंधी आहे तशीच.

विश्रामबाग_४१६ · शनिवार, रात्री १०:२०

ताई, अंगठ्याचं कडं काढायचं कुणाला सुचलं?

तासगावची_सून · शनिवार, रात्री १०:३१

नेमकं सांगता येत नाही काका. एकीनं अंगठा बाहेरच ठेवला होता, तिचं बघून दुसरीनं ठेवला. मग माझ्या लक्षात आलं.

विश्रामबाग_४१६ · शनिवार, रात्री १०:४०

भाच्याला हा धागा पाठवतोय. त्याला सुट्टीत घरी यायचंच आहे, तुमची हरकत नसेल तर बागेत घेऊन येतो. मापं तो घेईल.

कुपवाडकर · शनिवार, रात्री ११:०५

जरूर आणा काका. ताई, भाचा येईल तेव्हा त्याला सांगण्यासाठी अजून एक बघून ठेवा. टोळीत डावखुऱ्या कुणी आहेत का? साधी कात्री उजव्या हातासाठीच असते, डाव्या हातात पाती एकमेकांपासून फाकतात आणि देठ कापण्याऐवजी चिमटतं. त्या सध्या कशा भागवतात, उजव्या हातानं करतात की आणखी काही युक्ती आहे, हे कळायला हवं.

तासगावची_सून · रविवार, सकाळी ६:२०

दोघी आहेत. एक उजव्या हातानंच करते, तिचं काम मागं पडतं म्हणून मुकादम बोलतो. दुसरी कात्री उलटी धरते, कशी ते मलाही नीट कळलेलं नाही. आज बागेत तिच्या शेजारची ओळ घेते.